एक्झोसोमने हृदयाचा मेलेला स्नायू परत येतो का? बाबांसाठी विचारते आहे

मनवा
नमस्कार. बाबांना गेल्या वर्षी मोठा हार्ट अटॅक आला. एलएडी (हृदयाची पुढची मुख्य रक्तवाहिनी) पूर्ण बंद होती आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत बराच उशीर झाला होता. स्टेंट टाकला, जीव वाचला, पण टूडी इकोमध्ये ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३० टक्क्यांच्या पुढे जायला तयार नाही. रिपोर्टमध्ये हृदयाचं टोक 'हलत नाही' असं लिहिलंय. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात.

एका क्लिनिकने सुचवलंय की स्टेम सेलपासून (इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) काढलेले एक्झोसोम सलाइनमधून द्यायचे, म्हणजे मेलेला स्नायू पुन्हा तयार होतो. माहितीपत्रकावर 'दर बाटलीत १०० अब्ज एक्झोसोम', 'पूर्णपणे नैसर्गिक', 'दुष्परिणाम नाहीत' असं ठळक अक्षरांत आहे. बाबांनी तो कागद इतक्यांदा वाचलाय की घड्यांवर फाटायला आला आहे. आई ठेव मोडायला तयार आहे.

माझे प्रश्न: यात विज्ञान किती आहे? कोणी घेतलंय का? आणि नाही म्हणायचं झालं तर बाबांना काय सांगू? जाणकारांनी कृपया लिहावं.

दगडफूल
आधी बाबांच्या नेहमीच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारा. तोवर कशावरही सही करू नका आणि आगाऊ रक्कम देऊ नका.

रानवारा
दगडफूल +१. पण मला मुळातच एक्झोसोम म्हणजे काय ते माहीत नाही. कोणीतरी सोपं करून सांगा ना.

सूक्ष्मदर्शी
मी याच विषयावर प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेर बारीक बारीक पुटिका सोडत असते. त्यातल्या एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नाहीत. बाहेरून चरबीचं दुपदरी आवरण, आत प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे. १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते पाहिले. तांबडी रक्तपेशी पक्व होताना नको असलेली प्रथिनं अशा पुटिकांमधून टाकून देते, असं दिसलं. त्यामुळे पुढे बरीच वर्षं सगळ्यांनी त्यांना पेशीचा केरकचराच समजलं. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने दाखवलं की उंदराच्या पेशींचे एक्झोसोम मानवी पेशींना दिले तर त्यातला आरएनए तिथे कामाला लागतो आणि मानवी पेशीत उंदराची प्रथिनं तयार होतात. तिथून या क्षेत्राचं नशीब पालटलं.

आता हृदय. २००० नंतर हृदयात स्टेम सेल टोचायचे खूप प्रयोग झाले. अपेक्षा अशी की त्या पेशी रुजतील आणि स्नायू बनतील. प्रत्यक्षात टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत नाहीशा व्हायच्या, आणि तरीही प्राण्यांमध्ये हृदयाचं काम थोडं सुधारलेलं दिसायचं. हे कसं? गवंडी आला, वीट न लावता निघून गेला, पण जाताना घरच्यांना डागडुजी कशी करायची ते सांगून गेला, तसा काहीसा प्रकार. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने पेशी वगळून, त्या ज्या द्रवात वाढल्या होत्या तेवढा द्रव देऊन पाहिला, तरी फायदा दिसला. २०१० मध्ये सिंगापूरच्या गटाने त्या द्रवातून एक्झोसोमच्या आकाराचे कण वेगळे काढले आणि उंदरांच्या हृदयात इजा कमी झालेली दाखवली. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमध्ये मारबान यांच्या गटाने उलट बाजूने पाहिलं. पेशींचं एक्झोसोम बनवणं औषधाने थांबवलं, तर त्या पेशींचा फायदाही गेला.

म्हणजे विज्ञान खरं आहे, मनवा. पण 'मेलेला स्नायू पुन्हा तयार होतो' हे त्यातून निघत नाही. प्राण्यांमध्ये जे दिसतं ते असं: इजा झालेल्या भागाच्या कडेच्या, अजून जिवंत असलेल्या पेशी जास्त वाचतात, दाह कमी होतो, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, व्रणाचा आकार थोडा घटतो. मोठा अटॅक एक अब्जाच्या आसपास स्नायूपेशी मारू शकतो. तेवढ्या पेशी कोणत्याही एक्झोसोमने माणसात परत आणलेल्या नाहीत.

डॉ_सुहृद
सूक्ष्मदर्शींचा प्रतिसाद फार आवडला. मी कार्डिऑलॉजीत आहे, एक मुद्दा जोडतो. प्राण्यांवरच्या बहुतेक प्रयोगांत एक्झोसोम अटॅकनंतर काही मिनिटांत किंवा तासांत दिले जातात. तेव्हा वाचवण्यासारखं पुष्कळ शिल्लक असतं. मनवा, तुमच्या बाबांचा व्रण एक वर्षाचा आहे. तिथे आता पांढरी, तंतुमय, घट्ट ऊती आहे. हा वेगळाच आणि जास्त अवघड प्रश्न आहे.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न मी विचारतो. बाबा कोणकोणत्या गोळ्या घेतात? ईएफ ४० किंवा त्याखाली असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आज औषधांचे चार गट वापरतात: एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या जागी एआरएनआय, बीटा ब्लॉकर, स्पिरोनोलॅक्टोनच्या जातीचं औषध, आणि एसजीएलटी२ इनहिबिटर. हे चारही चालू आहेत का? आणि डोस वाढवत नेलेत का, की डिस्चार्जच्या दिवशी होते तेवढेच आहेत? पायांना सूज आहे म्हणजे लघवीच्या गोळीचाही डोस बघायला हवा. शिवाय अटॅकनंतर इतका काळ जाऊनही, पूर्ण औषधं चालू असताना, ईएफ ३५ किंवा कमी असेल तर आयसीडी (लय बिघडली तर आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवायचा विचार झाला का? अशा हृदयात अचानक घातक लय सुरू होण्याचा धोका असतो.

मी न पाहिलेल्या रुग्णाबद्दल सल्ला देत नाही. हे प्रश्न तसेच्या तसे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मनवा
सूक्ष्मदर्शी, डॉक्टर, मनापासून आभार. चार गटांतले दोनच दिसतायत. आयसीडीबद्दल कोणीच बोललेलं नाही. उद्याच फोन करते.

बाभूळबन
सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मला स्वतःला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी आहे, म्हणजे हृदय फुगून कमजोर झालंय. चारही औषधं घेतो, आयसीडी बसवलेला आहे, मीठ मोजून खातो. तरी दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा कमी चालतो. मला 'अजून संशोधन हवं' हे वाक्य ऐकवलं की राग येतो. संशोधनाला दहा वर्षं लागतील, माझ्याकडे तेवढी आहेत का ते मला माहीत नाही. मनवाच्या बाबांनी तो कागद घड्यांवर फाटेपर्यंत का वाचला ते मला कळतं. क्लिनिकच्या टेबलापलीकडचा माणूस त्यांच्याशी अर्धा तास बोलला असेल. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. पैसे त्यांचे, जीव त्यांचा, निर्णयही त्यांचा असायला हवा.

निरंजन
बाभूळबन, तुमची तगमग पोचली. पण याच हृदयाच्या स्टेम सेलचा इतिहास मला इथे लिहायलाच हवा, कारण आशेच्या जोरावर हे क्षेत्र एकदा फार वाईट रीतीने फसलं आहे.

२००१ मध्ये पिएरो अँव्हर्सा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये छापलं की अस्थिमज्जेच्या पेशी उंदराच्या हृदयात टोचल्या तर नवा स्नायू तयार होतो. जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्याच 'नेचर'मध्ये सांगितलं की आम्हाला असं काही होताना दिसत नाही. तरी गाडी थांबली नाही. २०१७ मध्ये अँव्हर्सा जिथे काम करत होते त्या बॉस्टनच्या ब्रिगहॅम हॉस्पिटलने आणि त्याच्या मातृसंस्थेने अमेरिकी सरकारला १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आरोप होता बनावट माहितीवर संशोधनाचा निधी मिळवल्याचा. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅमने त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. ज्या पेशींना 'हृदयाच्या स्टेम सेल' म्हणत होते त्यांच्यावर माणसांत घेतलेल्या सिपिओ चाचणीचा लॅन्सेटमधला निबंधही २०१९ मध्ये मागे घेतला गेला.

त्या चाचण्यांमध्ये ज्यांनी हृदयात सुया टोचून घेतल्या ती माणसंही आशेनेच आली होती. म्हणून 'निर्णय त्यांचा' हे मला तेव्हाच पटतं जेव्हा त्यांच्या हातात खरी माहिती असते.

बाभूळबन
एका प्रयोगशाळेने खोटं केलं म्हणून बाकी सगळं खोटं ठरत नाही. मारबान यांच्या कामावर असा काही ठपका आहे का?

सूक्ष्मदर्शी
नाही, आणि तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. उलट त्यांच्याच गटाचा २०१७ चा डुकरांवरचा प्रयोग या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. डुकराचं हृदय आकाराने आणि रक्तवाहिन्यांच्या रचनेने आपल्या जवळचं, म्हणून उंदरानंतर तिथे तपासतात. त्यांनी एक्झोसोम दोन मार्गांनी दिले. थेट हृदयाच्या स्नायूत टोचले तेव्हा व्रण कमी झाला आणि हृदयाचं काम सुधारलं. हृदयाच्याच रक्तवाहिनीतून सोडले तेव्हा उपयोग झाला नाही. आणि हा निकाल त्यांनी लपवला नाही, छापला.

आता हाताच्या शिरेतून दिलं तर काय होतं? प्राण्यांमध्ये खूण लावून पाहिलंय. शिरेतून दिलेले एक्झोसोम मुख्यतः यकृत, प्लीहा आणि फुप्फुसांत जाऊन अडकतात, रक्तातून बहुतेक काही मिनिटांत नाहीसे होतात. हृदयापर्यंत पोचतो तो अगदी छोटा वाटा. मनवा, क्लिनिक जे विकतंय ते हे.

कातरवेळ
सूक्ष्मदर्शी, '१०० अब्ज' हा आकडा मोजतात कसा? मला तो आकडाच संशयास्पद वाटतोय.

सूक्ष्मदर्शी
कातरवेळ, छान प्रश्न. मी रोज जे करते तेच सांगते.

पेशी वाढवलेला द्रव आधी हळू फिरवून पेशी आणि त्यांचे तुकडे काढून टाकायचे. मग उरलेला द्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोराने फिरवायचा. हे तासाच्या वर चालतं. ट्यूब बाहेर काढली की तळाशी काहीतरी असतं असं आपण मानतो, कारण डोळ्यांना बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. म्हणून ट्यूब रोटरमध्ये ठेवण्यापूर्वीच तिच्या बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करतात, म्हणजे कण कुठल्या भिंतीला चिकटले असणार ते कळतं. वरचा द्रव ओतताना खुणेची बाजू वर धरायची. हात चुकला तर दिवसभराचं काम सिंकमध्ये. नशीब असेल तर खुणेशी पुसटसा पारदर्शक डाग दिसतो.

मग मोजणी. लेसरच्या प्रकाशात हलणारे ठिपके कॅमेरा टिपतो आणि संगणक मोजतो. अडचण अशी की त्या यंत्राला फक्त 'कण' दिसतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे लायपोप्रोटीनचे कण, प्रथिनांच्या गुठळ्या, पेशींच्या अन्नात गायीच्या वासराचं सीरम वापरलं असेल तर त्यातले वासराचे एक्झोसोम, सगळे मोजले जातात. म्हणूनच आमच्या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि पुन्हा २०२३ मध्ये नियमावली काढली: नुसती संख्या देऊ नका, सीडी९, सीडी६३, सीडी८१ सारख्या खुणेच्या प्रथिनांची चाचणी दाखवा, काय नसायला हवं तेही तपासून दाखवा, कुठल्या पेशी, कशा वाढवल्या ते लिहा. त्या बाटलीवर यातलं काय लिहिलंय?

आणि कण खरेच एक्झोसोम असले तरी ते काम करतील याची खात्री संख्येतून मिळत नाही. दाता बदलला, पेशी किती पिढ्या वाढवल्या ते बदललं, ऑक्सिजन कमीजास्त झाला, की आतला माल बदलतो.

कातरवेळ
एवढं महागडं यंत्र आणि भिस्त मार्करच्या खुणेवर, हे वाचून हसूच आलं. फार सुंदर लिहिलंत.

निरंजन
संख्येवरून आठवलं. २०१४ मध्ये एका गटाने एक्झोसोम आणि त्यातले मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे) दोन्ही मोजून भागाकार केला. विपुल मानल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीसुद्धा सरासरी दर एक्झोसोमला एक प्रतही भरत नाही, शंभरेक एक्झोसोम मिळून एखादी. मग 'मायक्रोआरएनए जाऊन हृदय दुरुस्त करतो' ही गोष्ट कितपत टिकते?

सूक्ष्मदर्शी
हा या क्षेत्रातला खरा दुखरा प्रश्न आहे. मला वाटतं, श्रेय एकट्या मायक्रोआरएनएला देणं घाईचं आहे. आवरणावरची प्रथिनं, आतली एन्झाइम, चरबीचे रेणू, सगळ्यांचा वाटा असू शकतो.

अबोली_
अवांतर: हल्ली चेहऱ्याला आणि केसांना पण एक्झोसोम लावतात ना? माझ्या मैत्रिणीने केलं, ती खूश आहे.

दगडफूल
अबोली, त्वचेवर वरून लावणं आणि रक्तात सोडणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. रक्तात काय जातंय ते निर्जंतुक नसेल तर थेट जिवावर बेतू शकतं.

डॉ_सुहृद
दगडफूल बरोबर सांगतायत. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्का राज्यात एक्झोसोम म्हणून दिलेल्या विनापरवाना उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. एफडीएने मान्यता दिलेलं एकही एक्झोसोम उत्पादन नाही, हृदयासाठी नाही आणि इतर कशासाठीही नाही. 'दुष्परिणाम नाहीत' असं छापणाऱ्याने दुष्परिणाम कधी मोजलेत का, हे विचारा.

तात्त्विक बाजूने एक्झोसोमचे फायदे आहेत, हेही सांगतो. ते पेशी नाहीत, वाढत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून गाठ होण्याची भीती जिवंत स्टेम सेलपेक्षा कमी. स्टेम सेलपासून बनवलेल्या स्नायूपेशी माकडांच्या हृदयात टोचल्यावर लय बिघडलेली दिसली होती, तो प्रश्नही इथे तसा नाही. गोठवून ठेवता येतात. म्हणूनच आम्हाला यात रस आहे.

रानवारा
पण मी शोधलं तर पॅरिसमध्ये शिरेतूनच देतायत असं दिसलं. मग सूक्ष्मदर्शी म्हणतात ते कसं?

सूक्ष्मदर्शी
रानवारा, बरं झालं विचारलंत. फिलिप मेनाशे हे तिथले हार्ट सर्जन. त्यांनी आधी भ्रूणीय स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयाच्या पूर्वज पेशी फायब्रिनच्या चकतीत घालून शस्त्रक्रियेत हृदयावर बसवल्या होत्या, पहिल्या रुग्णाचा अहवाल २०१५ चा. नंतर ते पेशी सोडून त्यांच्या स्रावाकडे वळले. २०२४ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाचा अहवाल दिला: डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, स्राव शिरेतून, तीन वेळा.

त्यांचा तर्क असा की सगळं हृदयात पोचायलाच हवं असं नाही. प्लीहेत जाऊन रोगप्रतिकारक पेशींचा स्वभाव बदलला तरी दूर हृदयातला दाह कमी होऊ शकतो. याला आधार आहे. २०१७ मध्ये मारबान यांच्या गटाने दाखवलं की एक्झोसोम मॅक्रोफेज पेशींना (साफसफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) बदलतात आणि त्यातून हृदयाचं रक्षण होतं. त्यामुळे 'शिरेतून देणं म्हणजे व्यर्थ' असं मी म्हणणार नाही. पण एक रुग्ण, तुलनेला कोणी नाही, आणि तो रुग्ण मंजुरी घेतलेल्या चाचणीत, देखरेखीखाली. स्राव कुठल्या पेशींचा, कसा तपासला, किती दिला, सगळं लिहिलेलं.

निरंजन
मॅक्रोफेजचा विषय निघालाच आहे तर २०२० चा 'नेचर'मधला सिनसिनाटीचा प्रयोग सांगायला हवा. मोल्केंटिन यांच्या गटाने उंदरांच्या हृदयात जिवंत स्टेम सेल टोचल्या, मेलेल्या पेशी टोचल्या, आणि झायमोसान नावाचं दाह निर्माण करणारं द्रव्यही टोचलं. तिन्हींनी हृदयाचं काम सुधारलं! म्हणजे इतकी वर्षं पेशींना दिलेलं श्रेय जखमेच्या आसपास मॅक्रोफेजनी केलेल्या साफसफाईचं असू शकतं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण 'कशामुळे' हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला.

बाभूळबन
पॅरिसबद्दल मला माहीत नव्हतं. हा तर माझाच आजार. सूक्ष्मदर्शी, धन्यवाद.

कातरवेळ
अवांतर पण विषयाला धरून: हृदयाच्या पेशी स्वतःहून अजिबात नव्या होत नाहीत का? शाळेत तसं शिकल्याचं आठवतं.

निरंजन
होतात, पण फार हळू. हे शोधलं कसं ते ऐकाच. शीतयुद्धात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेतला कार्बन-१४ वाढला, १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. झाडं, अन्न यांमधून तो प्रत्येकाच्या शरीरात शिरला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएवर त्या वर्षीच्या हवेचा शिक्का बसतो. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयपेशींच्या डीएनएतला कार्बन-१४ मोजला. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. निम्म्याहून अधिक पेशी आयुष्यभर त्याच राहतात.

अबोली_
बापरे! अणुबॉम्बच्या धुरळ्यातून हृदयाचं वय. अंगावर काटा आला.

डॉ_सुहृद
माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचं कोणी लिहिलं नाही, थोडक्यात लिहितो. युरोपातल्या बामी चाचणीत अटॅकनंतर अस्थिमज्जेच्या पेशी देऊन मृत्यू कमी होतात का ते पाहायचं होतं. ३००० रुग्ण हवे होते, मिळाले ३७५, निष्कर्ष निघालाच नाही. ऑलस्टार चाचणीत मारबान यांच्याच धर्तीच्या पेशी दुसऱ्या दात्यांकडून घेऊन दिल्या, सहा महिन्यांनी व्रणाचा आकार प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ डोसपेक्षा) जास्त घटला नाही. उंदरांत आणि डुकरांत सुंदर दिसलेलं माणसांत असं विरतं. बाभूळबन, तुम्हाला 'संशोधन हवं' हे वाक्य कोरडं वाटतं ते मान्य, पण आम्ही ते म्हणतो ते हे पाहून म्हणतो.

मनवा
उशिरा लिहिते आहे. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून प्रश्न काढून क्लिनिकला विचारले. एक्झोसोम कुठल्या पेशींचे? उत्तर: 'उत्तम दर्जाच्या'. दाता कोण, कुठल्या तपासण्या झाल्या? 'कंपनीचं गुपित'. बॅचचा निर्जंतुकतेचा रिपोर्ट? 'पाठवतो' म्हणाले, आला नाही. ही चाचणी कुठे नोंदवलेली आहे का? यावर फोनवरची व्यक्ती म्हणाली, 'मॅडम, ही चाचणी नाही, ही सिद्ध ट्रीटमेंट आहे.' आम्ही तिथे जाणार नाही.

कार्डिऑलॉजिस्टकडे मात्र या वेळी नीट बोलणं झालं. चारही गट सुरू झालेत, डोस टप्प्याटप्प्याने वाढवणार. पूर्ण डोसवर काही महिने गेले की पुन्हा इको, आणि तेव्हाही ईएफ ३५ च्या खाली असेल तर आयसीडी. पायांची सूज बरीच उतरली आहे.

बाबांना सांगणं अवघड गेलं. ते शांतपणे म्हणाले, 'म्हणजे माझ्यासाठी काही नाही.' मी गोळ्यांचं सांगत होते तर म्हणाले, 'गोळ्या सगळेच घेतात.' यावर मला काही बोलता आलं नाही.

बाभूळबन
मनवा, बाबांशी मी बोलू का? खरंच विचारतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सारखाच आजार असलेल्या माणसाने सांगितलेलं वेगळं पोचतं. औषधं सुरू झाल्यानंतर पहिल्या वर्षात माझा ईएफ बराच वाढला होता, नंतर तिथेच थांबला. मला त्या गोळ्यांनी काय दिलं ते मी त्यांना सांगू शकतो, आणि काय दिलं नाही तेही.

माझं मूळ मत मी बदललेलं नाही, निर्णय रुग्णाचाच. पण जे स्वतःचं नाव-गाव सांगत नाही ते मी माझ्या शिरेत घेणार नाही, हेही तितकंच ठाम आहे.

डॉ_सुहृद
बाभूळबन, हे फार मोठं काम होईल. मनवा, रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करायला सांगा आणि वहीत लिहायला. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन. कार्डियाक रिहॅबबद्दलही विचारा, देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम. गोळ्या सगळेच घेतात हे बाबांचं म्हणणं पूर्ण खरं नाही. पूर्ण डोसपर्यंत पोचणारे फार कमी असतात.

मनवा
बाभूळबन दादा, व्यनि केला आहे. बाबा 'हो' म्हणाले.

रानवारा
सूक्ष्मदर्शी, जाता जाता: एक्झोसोमचं खरं औषध व्हायला आता काय अडलंय?

सूक्ष्मदर्शी
माझ्या मते तीन गाठी आहेत. पहिली, प्रत्येक बॅच काम करते की नाही हे रुग्णाला देण्याआधी सांगणारी चाचणी. आज आपण कण मोजतो, ताकद नाही. दुसरी, हृदयापर्यंत पोचवणं. यावर आवरणाला हृदयाकडे ओढणारी पेप्टाइड लावणं, किंवा एक्झोसोम जेलमध्ये मिसळून हृदयावर पट्टीसारखे बसवणं, असे प्रयत्न प्राण्यांवर चालू आहेत. तिसरी, प्लासिबोशी तुलना करणारी, माणसांतली, पुरेशी मोठी चाचणी, जिच्यात ईएफचे दोन-चार टक्के न मोजता मृत्यू आणि पुन्हा अॅडमिट होणं मोजलं जाईल. पहिली सुटल्याशिवाय तिसरीला हात घालणं मला धोक्याचं वाटतं, कारण चाचणी फसली तर औषध निकामी होतं की बॅच, हेच कळणार नाही. आमच्याकडे सध्या त्या पहिल्या गाठीवरच काम चालू आहे.

बाभूळबन
खऱ्या चाचणीत जायचं असेल तर रुग्णाने काय बघावं, तेही इथेच लिहून ठेवा, म्हणजे पुढे धागा शोधत येणाऱ्यांना सापडेल.

डॉ_सुहृद
चाचणीची सार्वजनिक नोंदणी असते आणि तिचा क्रमांक मागितल्यावर लगेच मिळतो. नैतिक समितीची मंजुरी असते. प्रायोगिक औषधाचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. संमतिपत्रात धोके सविस्तर लिहिलेले असतात, आणि तुम्ही कधीही बाहेर पडू शकता हेही. तुमचा आजार बसत नसेल तर ते तुम्हाला सरळ नाही म्हणतात. जिथे येणाऱ्या प्रत्येकाला, गुडघा असो की हृदय, हो म्हणतात, ती चाचणी नव्हे.